एकेरी रुळांचा राखणदार

माझे वडील रेल्वेत स्टेशनमास्तर होते. मिरज-कोल्हापूर मार्गावरच्या एका लहानशा स्टेशनात माझं बालपण गेलं. तिथे तेव्हा एकच रूळजोडी होती. त्याच रुळांवरून जाणारी गाडी जायची आणि येणारी गाडी यायची. मग दोन गाड्या समोरासमोर का येत नाहीत, हा प्रश्न मला फार छळायचा. एका दुपारी आप्पांनी मला त्यांच्या खोलीतलं लोखंडी यंत्र दाखवलं. त्यातून धातूचा एक गोळा बाहेर यायचा. तो गोळा पिशवीत घालून, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला अडकवून इंजिनाच्या ड्रायव्हरकडे दिली जायची. गोळा हाती आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नसे, मग गाडीत कलेक्टरसाहेब बसलेले असोत की लग्नाचं वऱ्हाड. पुढच्या स्टेशनातही तसंच यंत्र होतं आणि दोन्ही यंत्रं तारेनं एकमेकांशी जोडलेली होती. एक गोळा बाहेर पडला की तो दोहोंपैकी एका यंत्रात परत जाईपर्यंत दुसरा गोळा कुणालाही काढता येत नसे. दोन स्टेशनांमध्ये एका वेळी एकच गाडी, ही गोष्ट कुणाच्या हुशारीवर, आठवणीवर किंवा चांगुलपणावर सोडलेली नव्हती. आप्पांना याचं मोठं कौतुक होतं.

पुढे मी पुण्यात संगणकाच्या क्षेत्रात आले आणि तिथेच निवृत्त झाले. आप्पांचा गोळा मला संगणकाच्या पोटात पुन्हा भेटेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. पण तो भेटला. त्याला तिथे नेऊन ठेवणाऱ्या माणसाचं नाव एड्सगर वीबे डाइकस्ट्रा. आज आपण भाजीवाल्याला फोनवरून पैसे देतो, रेल्वेचं तिकीट घरबसल्या काढतो. त्या क्षणी कुठल्याशा सर्व्हरवर हजारो लोकांची कामं एकाच वेळी चाललेली असतात. ती एकमेकांत मिसळून त्यांचा काला होत नाही, याच्या मुळाशी या डच माणसानं साठ वर्षांपूर्वी केलेला विचार आहे. तो विचार मी कॉलेजात शिकले, परीक्षेत लिहिला आणि विसरले. त्या विसरण्याची किंमत मात्र मी मोजली नाही, दुसऱ्याच कुणीतरी मोजली. म्हणून आज त्यांच्याविषयी लिहायला बसले आहे.

डाइकस्ट्रांचा जन्म ११ मे १९३० रोजी हॉलंडमधल्या रॉटरडॅम या बंदराच्या शहरात झाला. चार भावंडांतले ते तिसरे. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक, डच रसायनशास्त्र परिषदेचं अध्यक्षपद भूषवलेले. आई गणिती, पण तिनं कधी नोकरी केली नाही. घरातच एवढी विद्या असल्यावर मुलाचं बालपण सुखाचं जायला हवं होतं. पण एड्सगरला दहा वर्षं पुरी झाली आणि तिसऱ्याच दिवशी, १४ मे १९४० रोजी, जर्मन विमानांनी रॉटरडॅमवर बाँब टाकले. शहराचा मध्यभाग जळून गेला, सुमारे ८० हजार लोक बेघर झाले. पुढची पाच वर्षं परक्यांच्या अमलाखाली गेली. शेवटच्या हिवाळ्यात तर पश्चिम हॉलंडमध्ये अन्नाचा दुष्काळ पडला. या मुलाचं शालेय शिक्षण अशा दिवसांत झालं. आपण कायदा शिकावा आणि संयुक्त राष्ट्रसंघात देशाचं प्रतिनिधित्व करावं, असं त्याला वाटू लागलं होतं. पण शालान्त परीक्षेत गणित आणि विज्ञानात एवढे उत्तम गुण पडले की घरच्यांनी आणि शिक्षकांनी त्याला विज्ञानाकडेच वळवलं. तो लायडन विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकू लागला.

आयुष्याला वळण देणाऱ्या गोष्टी पुष्कळदा किरकोळ वाटतात. १९५१ साली वडिलांच्या नजरेस एक जाहिरात पडली. इंग्लंडमध्ये केंब्रिजला संगणकाची आज्ञावली लिहायला शिकवणारा तीन आठवड्यांचा वर्ग भरणार होता. भौतिकशास्त्राला उपयोग होईल, म्हणून मुलगा गेला. परत आला तो या नव्या विद्येची गोडी घेऊनच. मार्च १९५२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात त्याला प्रोग्रॅमर म्हणून काम मिळालं. हॉलंडमध्ये या नावाचं काम करणारा तो पहिलाच माणूस मानला जातो.

पण प्रोग्रॅमर हा काही व्यवसाय आहे का, ही शंका त्यांना स्वतःलाही छळत होती. डॉक्टरला, वकिलाला विचारलं तर तो आपली विद्या दाखवू शकतो. आपण काय दाखवणार? केंद्रातले त्यांचे वरिष्ठ आद्रियान फान वाइनगार्डन यांच्यापाशी त्यांनी मन मोकळं केलं. फान वाइनगार्डन यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि सुचवलं की, ही यंत्रं आता जाणार नाहीत. तेव्हा या कामाला विद्येची प्रतिष्ठा मिळवून देणारा माणूस तूच का होऊ नयेस? डाइकस्ट्रांच्या मनानं तिथेच घेतलं. भौतिकशास्त्राची पदवी त्यांनी भराभर उरकली आणि आयुष्य आज्ञावलीला वाहिलं. जगाला मात्र हे पटायला वेळ लागला. १९५७ साली मारिया डेबेट्स यांच्याशी त्यांचं लग्न झालं, तेव्हा नोंदणी कार्यालयात व्यवसाय विचारला गेला. असा व्यवसायच अस्तित्वात नाही म्हणून अधिकाऱ्यांनी 'प्रोग्रॅमर' हा शब्द लिहून घ्यायचं नाकारलं. अखेर कागदावर भौतिकशास्त्रज्ञ अशी नोंद झाली!

याच मारियाबाईंबरोबर, लग्नाच्या आदल्या वर्षी, ते ॲमस्टरडॅममध्ये खरेदीला हिंडत होते. दमून दोघं एका कॅफेत कॉफी प्यायला बसली. केंद्रात नवा संगणक आला होता, त्याच्या उद्घाटनाला सामान्य लोकांना समजेल असं काहीतरी दाखवायचं होतं. एका गावाहून दुसऱ्या गावी जायचा सर्वांत जवळचा रस्ता यंत्राला कसा शोधायला लावायचा, याचा विचार डाइकस्ट्रा करत होते. कॉफी संपेपर्यंत, साधारण वीस मिनिटांत, कागद-पेन्सिल हाती न घेता त्यांना रीत सुचली. १९५९ साली ती छापून आली. आज मोबाइलवरचा नकाशा आपल्याला रस्ता दाखवतो, तो या रीतीच्या आणि तिच्या पुढच्या पिढ्यांच्या आधारानं. जगात त्यांचं नाव सर्वांत जास्त घेतलं जातं ते यासाठी. पण माझ्या कहाणीशी संबंध आहे तो त्यांच्या दुसऱ्या कामाचा, आणि त्या कामाची सुरुवात भीतीतून झाली.

त्या वेळचे संगणक एका वेळी एकच काम करत. हिशेब भराभर होई, पण छपाईचं यंत्र संथ. ते अक्षरं उमटवीपर्यंत महागडा संगणक हात बांधून बसून राही. केंद्रातले यंत्र बांधणारे सहकारी लोपस्ट्रा आणि स्खोल्टन यांनी १९५७ च्या सुमारास नवी कल्पना काढली. संगणकानं वाट बघत बसू नये, दुसरं काम करावं; छपाईयंत्र मोकळं झालं की ते हाक मारील, मग हातातलं काम तिथेच थांबवून त्याच्याकडे बघावं आणि पुन्हा पहिल्या कामाकडे यावं. आपल्या घरात हे रोज चालतं. कणकेत हात असतात, गॅसवर दूध असतं, तेवढ्यात दाराची घंटा वाजते. दार उघडून आपण परत येतो आणि कणीक पुढे मळू लागतो. पण घंटा नेमकी मीठ घालताना वाजली तर? मीठ घातलं होतं की नव्हतं, हे आठवेनासं होतं. पोळ्या कधी अळणी होतात, कधी खारट, आणि बहुतेक दिवशी चांगल्याच होतात. चूक असते, पण ती बोलावल्यावर येत नाही.

डाइकस्ट्रांच्या पोटात गोळा आला तो याच विचारानं. हाक कुठल्याही क्षणी येऊ शकणार, म्हणजे तोच प्रोग्रॅम दोनदा चालवला तर दोन्ही वेळा घटनांचा क्रम वेगळा असणार. आज चूक दिसली, उद्या शोधायला गेलं तर ती नाहीच! अशी चूक पकडायची कशी? त्यांनी काही महिने त्या कल्पनेला होकारच दिला नाही. अखेर सहकाऱ्यांनी त्यांना गोंजारून राजी केलं. मग मात्र त्यांनी अंग चोरलं नाही. यंत्राची हाक कुठल्याही क्षणी आली तरी घोटाळा होणार नाही अशी मांडणी त्यांनी केली, आणि १९५९ साली त्याच कामावर डॉक्टरेट मिळवली. करून बघू, चुकलं तर दुरुस्त करू, ही वाट या प्रकारच्या कामात बंद आहे, हे त्यांना त्या काही महिन्यांत उमगलं. इथे आधी विचार पुरा करावा लागतो.

मधल्या काळात एक गंमत झाली. १९६० साली ते आणि त्यांचे सहकारी याप झोनेफेल्ट 'अल्गोल' या नव्या भाषेसाठी भाषांतर करणारा प्रोग्रॅम लिहीत होते. काम पुरं होईपर्यंत दाढी करायची नाही, असं दोघांनी ठरवलं. ऑगस्टमध्ये काम फत्ते झालं. झोनेफेल्ट यांनी दाढी उतरवली. डाइकस्ट्रांनी ठेवली ती कायमची.

१९६२ साली ते आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. तिथे नव्या संगणकावर एकाच वेळी अनेकांची कामं चालवायची होती. आता एक घंटा नव्हती, अनेक स्वयंपाकी एकाच ओट्यावर होते. यात काय बिघडू शकतं ते समजायला बँकेचं उदाहरण घेऊ. पतिपत्नीचं जोडखातं आहे, शिल्लक १००० रुपये. एका खिडकीवर पती ५०० रुपये भरतो, त्याच वेळी दुसऱ्या शाखेत पत्नी २०० भरते. दोन्ही कामं खात्यातला आकडा वाचतात : १०००. पहिलं काम मनात १५०० करतं, दुसरं १२००. पहिलं १५०० लिहितं आणि त्यावर दुसरं १२०० लिहितं. पाचशे रुपये गेले. कुणी चोरले नाहीत, कुणी चुकीची बेरीज केली नाही, दोघांची पावती बरोबर आहे. वाचणं आणि लिहिणं यांच्या मधल्या फटीतून पैसे निसटले.

ही फट बुजवायची तर एका वेळी एकालाच आत सोडायला हवं. ऐकायला सोपं वाटतं, पण दोन कामांनी एकमेकांना वाट देण्याचा बिनचूक नियम तयार करणं फार अवघड निघालं. दोन कामांपुरता तो डच गणिती डेकर यांनी शोधला. कितीही कामं असली तरी लागू पडेल असा नियम डाइकस्ट्रांनी १९६५ साली जेमतेम एका पानाच्या निबंधात मांडला. पण त्याआधीच, १९६२-६३ च्या सुमारास, त्यांनी याहून सोयीचं एक साधन घडवलं होतं. त्याचं नाव त्यांनी घेतलं थेट रेल्वेकडून! रुळांशेजारी हात वर-खाली करणारा जो खांब असतो त्याचं, म्हणजे सेमाफोर. डच भाषेतल्या त्यांच्या मूळ टिपणांत त्याला सिग्नलचा खांब असाच शब्द आहे. त्याच्या दोन क्रियांना त्यांनी डच शब्दांवरून 'पी' आणि 'व्ही' अशी अक्षरं दिली. सामाईक वस्तूला हात लावण्याआधी 'पी' करायचं : वाट मोकळी असेल तर ती आपल्या नावे करून आत जायचं, नसेल तर तिथेच झोपून राहायचं. काम झालं की 'व्ही' करायचं : वाट मोकळी करायची आणि झोपलेल्यांपैकी एकाला उठवायचं. आणि या क्रिया अखंड, त्यांच्या मधे कुणालाही घुसता येणार नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आप्पांचं यंत्र डोळ्यांपुढे उभं राहायला हवं होतं. राहिलं नाही. आम्ही परीक्षेसाठी वाचत होतो.

गोळा आला की गोळ्याचे घोटाळेही आले. १९६५ साली डाइकस्ट्रांनी विद्यार्थ्यांना परीक्षेत एक प्रश्न घातला. पाच संगणक आहेत आणि पाच टेपयंत्रं. काम करायला प्रत्येकाला दोन यंत्रं लागतात. इंग्लंडच्या टोनी होर यांनी पुढे त्याला गोष्टीचं रूप दिलं. गोल टेबलाभोवती पाच तत्त्वज्ञ बसले आहेत, दर दोघांच्या मधे एक काटा आहे. जेवायला दोन काटे लागतात. प्रत्येकानं आपल्या डावीकडचा काटा उचलला आणि उजवीकडच्याची वाट बघत बसला, तर पाचही जण अन्न समोर असून उपाशी मरतील. कुणीही नियम मोडलेला नाही, कुणीही दुष्ट नाही. घाटातल्या अरुंद रस्त्यावर दोन एस.टी. समोरासमोर येतात आणि मागे मोटारींची रांग लागल्यामुळे दोघींनाही मागे सरता येत नाही, तशी ही कोंडी. डाइकस्ट्रांचा उपाय साधा होता. काट्यांना नंबर द्या आणि लहान नंबरचा काटा आधी उचला, असा सर्वांना नियम करा. पाचवा तत्त्वज्ञ पहिल्या काट्यापाशीच थांबतो आणि कोंडी होतच नाही.

या विचारांवर त्यांनी सहा जणांच्या, तेही अर्धवेळ काम करणाऱ्या गटाकडून एक संपूर्ण व्यवस्था लिहून घेतली. तिचा वृत्तांत १९६८ साली प्रसिद्ध झाला. घराचे मजले चढवावेत तसे तिचे थर होते. खालचा थर पक्का झाल्यावरच वरचा चढवायचा. तपासणीत सापडलेल्या चुका अगदी किरकोळ होत्या. चाचण्या घेऊन चूक आहे एवढं सिद्ध करता येतं, चूक नाही हे सिद्ध करता येत नाही, हा त्यांचा आग्रह जगभर माहीत झाला. त्याच वर्षी 'गो टू' या आज्ञेविरुद्ध त्यांनी लिहिलेलं छोटंसं पत्र गाजलं, आणि १९७२ साली त्यांना संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्या वेळच्या भाषणाचा विषय होता प्रोग्रॅमरची नम्रता. माणसाची बुद्धी लहान आहे, हे ओळखून तिला पेलेल एवढंच काम एका वेळी हाती घ्यावं, असं त्यांचं सांगणं होतं.

आता माझी गोष्ट.

२००१ साल. मी पुण्यातल्या एका कंपनीत होते. एका बँकेच्या सर्व शाखा एका मध्यवर्ती सर्व्हरला जोडायचं काम आमच्याकडे होतं. त्या काळात जावा या भाषेत सर्व्हरवरचे प्रोग्रॅम सुट्या घटकांच्या रूपात लिहायची पद्धत नवी आली होती. या घटकांना सांभाळणारी एक मोठी व्यवस्था असे, तिला कंटेनर म्हणत. तिचं काम समजायला खानावळ डोळ्यांपुढे आणा. मालक वाढप्यांची एक फळी बाळगतो. गिऱ्हाईक आलं की मोकळा असलेला एक वाढपी त्याच्या पानाकडे जातो. ते उठलं की तोच वाढपी पुढच्या पानाकडे. वाढपी म्हणजे संगणकाच्या भाषेत थ्रेड, धागा. घटक लिहिणाऱ्यानं धाग्यांची काळजी करायची नाही, ते कंटेनर बघेल, असा त्या पद्धतीचा मोठा दिलासा होता. १९९८ साली आलेल्या 'एंटरप्राइज जावाबीन्स' या प्रकारात तर घटकानं स्वतः धागे सुरू करूच नयेत असं बंधन होतं, आणि एका घटकाकडे एका वेळी एकच धागा जाईल हे कंटेनर पाहत असे. आम्ही वापरत होतो ते सर्व्हलेट. तिथे घटक एकच आणि सगळे वाढपी एकाच वेळी त्यात शिरत. हा फरक मला पुस्तकातून ठाऊक होता.

तरीही मी खातेक्रमांक त्या घटकाच्या सामाईक जागेत ठेवला. म्हणजे खानावळीत भिंतीवर एकच पाटी आणि सर्व वाढप्यांनी आपल्या पानाची मागणी त्याच पाटीवर लिहायची! एकानं लिहिलं, आचाऱ्यानं वाचायच्या आत दुसऱ्यानं पुसून आपलं लिहिलं, की पहिल्याची भाजी दुसऱ्याच्या पानात. आमच्या कार्यालयात चाचणी घेणारा एकटा माणूस एका वेळी एक खातं तपासायचा. सगळं बरोबर यायचं.

बँकेत दोन महिन्यांत तीन वेळा पैसे भलत्याच खात्यात जमा झाले. तिन्ही वेळा महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, पेन्शन घ्यायला गर्दी असताना. त्यातल्या दोन नोंदी एकाच शाखेतल्या एका कारकून बाईंच्या खिडकीवरच्या होत्या. ग्राहकानं भरलेल्या स्लिपवर क्रमांक बरोबर, संगणकात चुकीचा. बँकेनं आम्हाला विचारलं. मी दोन दिवस तोच व्यवहार पुन्हा पुन्हा करून पाहिला, चूक आली नाही. मी अहवाल लिहिला : प्रोग्रॅममध्ये दोष आढळला नाही, नोंद करताना चूक झालेली असावी. खाली सही केली. बाईंना मेमो मिळाला.

तिसरी घटना दुसऱ्याच शाखेत घडली तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. त्या रविवारी आप्पांना भेटायला गेले होते. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. बोलता बोलता सगळा प्रकार सांगितला. त्यांना संगणकातलं काही कळत नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, की त्या वेळी गोळा कुणाकडे होता. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की गोळा नव्हताच. रात्री घरी येऊन कॉलेजचं जुनं पुस्तक काढलं. पाच तत्त्वज्ञांच्या पानावर माझ्याच अक्षरात परीक्षेचे गुण लिहिलेले होते. सकाळी प्रोग्रॅम उघडला, तर दोष समोरच होता. पाटी काढून प्रत्येक वाढप्याच्या हातात स्वतःची चिठ्ठी दिली. चार ओळींचा बदल.

माझ्या चुकीत कुणाचा जीव गेला नाही, हे नशीब. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात कॅन्सरच्या रुग्णांना किरण देणाऱ्या 'थेरॅक-२५' या यंत्रानं सहा रुग्णांना भलतीच मोठी मात्रा दिली, आणि त्यांतल्या काहींचा त्यानं जीव घेतला. एक कारण हेच होतं : प्रोग्रॅममधली दोन कामं एकाच माहितीला हात लावत होती. यंत्र चालवणारी व्यक्ती सरावानं भराभर दुरुस्ती टाइप करू लागली की त्यांचा क्रम चुके. तिथेही आधी, यंत्रात अशी चूक होणं शक्य नाही, असंच उत्तर दिलं गेलं होतं.

डाइकस्ट्रांना अशा उत्तरांची चीड होती. या चिडीनं त्यांना पुष्कळदा एकटं पाडलं. त्यांची जीभ तिखट होती. समोरच्याचं काम त्यांना ढिसाळ वाटलं तर ते तोंडावर सांगत, आणि दुखावलेली माणसं त्यांना गर्विष्ठ म्हणत. प्रत्येक प्रोग्रॅम गणितासारखा सिद्ध करावा हा त्यांचा आग्रह उद्योगजगतानं पेलला नाही. जगानं दुसरी वाट धरली. धाग्यांची कामं मूठभर जाणकारांनी कंटेनरसारख्या व्यवस्थांत एकदाच नीट लिहावीत आणि बाकीच्यांनी त्यांवर विसंबावं, अशी ती वाट. ती चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. तिच्याशिवाय एवढे प्रोग्रॅम लिहून झालेच नसते. आणि त्या व्यवस्थांच्या आत आहे ते त्यांचंच धन. जावाच्या २००४ सालच्या आवृत्तीत सेमाफोर त्याच नावानं आला. पण कंटेनर फक्त वाढपी सांभाळतो. आपण भिंतीवर पाटी टांगली तर ती त्याला दिसत नाही.

१९७३ साली त्यांनी विद्यापीठातलं पूर्णवेळ काम सोडलं आणि बरोज या संगणक कंपनीचे संशोधक म्हणून आइंडहोव्हनजवळच्या नूनेन गावी आपल्या घरातूनच काम करू लागले. आठवड्यातून एकदा, मंगळवारी दुपारी, विद्यापीठात त्यांची अभ्यासमंडळी जमे. हाताशी संगणक नव्हता, तो त्यांना नकोच होता. फाउंटन पेननं सुंदर अक्षरात ते टिपणं लिहीत, आपल्या नावाची आद्याक्षरं आणि क्रमांक घालत. त्याच्या छायाप्रती मित्रांना पाठवत, मित्र आणखी प्रती काढत, आणि अशी ती टिपणं जगभर फिरत. आयुष्यभरात त्यांची संख्या तेराशेच्या वर गेली. १९८४ साली ते अमेरिकेत ऑस्टिन इथल्या टेक्सस विद्यापीठात गेले आणि १९९९ साली निवृत्त झाले. घरात टीव्ही नव्हता. पियानो होता, मोझार्टचं संगीत होतं, आणि सुट्टीत हिंडायला एक फिरती घरगाडी. कॅन्सरनं गाठल्यावर ते पत्नीसह नूनेनला परतले. ६ ऑगस्ट २००२ रोजी वयाच्या ७२ व्या वर्षी तिथेच त्यांचं निधन झालं. जिला समाजानं व्यवसाय मानायचं नाकारलं होतं, त्या विद्येचे विभाग तोवर जगातल्या बहुतेक विद्यापीठांत उभे राहिले होते.

ही बातमी वाचली तेव्हा माझ्या त्या चुकीला वर्ष होऊन गेलं होतं. दोष सापडला त्याच दिवशी मी नवा अहवाल लिहिला होता आणि चूक माझी आहे असं त्यात म्हटलं होतं. मेमो मागे घेतला गेला. पण तोपर्यंत बाईंची खिडकीवरून उचलबांगडी होऊन दूरच्या शाखेत बदली झालेली होती. मी रजा काढून त्यांना भेटायला गेले. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला, माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं. त्या रागावल्या नाहीत. मधल्या काळात काय झालं तेवढं मात्र सांगितलं. आपण बरोबर आकडा टाइप केला होता अशी त्यांची खात्री होती. पण यंत्र चुकत नाही असं सगळेच म्हणू लागल्यावर त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला. प्रत्येक आकडा तीन-तीनदा ताडून बघायची सवय लागली. ती घरीही सुटेना. रात्री उठून त्या गॅसचं बटण बघत, कडी बघत, परत येऊन पडत आणि पुन्हा उठत. मेमो परत आला तरी ती सवय काही गेलेली नव्हती.

निघताना त्यांनी माझा पत्ता आणि फोन नंबर वहीत लिहून घेतला. लिहून झाल्यावर बोट ठेवून एकेक आकडा मला वाचून दाखवला. मग परत एकदा. आणि परत एकदा.